चार सह्यांचा धंदा

कारखान्याच्या कचेरीत तेवीस वर्षं फायली हलवल्यावर हेडक्लार्कला एक दिवस घरी बसवण्यात आलं. त्याच संध्याकाळी जेवताना त्याने जाहीर केलं, "आता कुणाच्या हाताखाली राबायचं नाही. स्वतःचा धंदा काढायचा."

बायकोने खालची रस्त्याकडची खोली मोकळी करून दिली. आपलं शिवणयंत्र वर नेलं. "सहा महिने. तोवर काही उभं राहिलं नाही, तर खोलीचं काय करायचं ते मी ठरवीन," ती म्हणाली. ती बोलेल तसं करते, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं.

नोकरी सुटली होती, पण सवय सुटली नव्हती. चार जणांच्या अभिप्रायाशिवाय एवढा मोठा निर्णय घ्यायची त्याची छाती होईना. त्याने फाइल उघडली, वर सुवाच्य अक्षरात 'धंदा निवड' असं लिहिलं आणि पहिला प्रस्ताव घातला तो लाँड्रीचा. फाइल आधी बायकोकडे, मग थोरल्या भावाकडे, मग सासऱ्यांकडे आणि शेवटी मेहुण्याकडे जायची. प्रत्येकाने शेरा लिहून सही करायची.

बायकोने लिहिलं, 'करा एकदाचं.' थोरल्या भावाने दहा दिवस फाइल उशाशी घेऊन 'समक्ष चर्चा करावी' असा शेरा मारला. सासऱ्यांचा नवा चष्मा येईपर्यंत ती त्यांच्या कपाटावर पडून राहिली. परत आली तेव्हा समोरच्या इमारतीत लाँड्री सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते.

"तुम्ही सरळ सुरू का नाही करत?" बायकोने विचारलं.

"आणि बुडालो तर? सगळ्यांच्या सह्या असल्या की कुणी नावं ठेवणार नाही."

"लोक काय सह्या बघून नावं ठेवतात?"

दुसरा प्रस्ताव मिक्सर-पंखे दुरुस्तीचा होता. थोरल्या भावाने आधीच्या चर्चेचा वृत्तांत मागवला. चर्चा झालीच नव्हती, म्हणून ती ठेवावी लागली. तेवढ्यात कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान थाटलं गेलं. तिसरा प्रस्ताव झेरॉक्सचा. सासऱ्यांनी 'लाँड्री का नको?' असं विचारून फाइल उलटी धाडली. चौथा शाळेच्या गणवेशांचा. ती फाइल मेहुण्याकडे गेली ती गेलीच.

सहा महिने उलटल्यावर तो स्वतः फाइल आणायला मेहुण्याच्या घरी गेला. दाराला कुलूप होतं. घरी परतला तर मेहुणा खालच्या खोलीबाहेर शिडीवर चढून पाटी ठोकत होता. आत शिवणयंत्रं दोन झाली होती.

"भाऊजी, तुमची फाइल एक नंबर होती," मेहुणा वरूनच म्हणाला. "पाच शाळा, सगळे पत्ते तयार. ताईलाही पटलं."

"आणि तुझा अभिप्राय?"

"लिहायला वेळ कुठे होता?"

त्याला फार लागलं. घरच्याच माणसांनी पाठीत वार केला होता आणि कागदोपत्री त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं.

"मुदत काल संपली," बायको टेपने कापड मोजत म्हणाली. "मापं लिहून घ्यायला माणूस हवाय. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"विचार करून सांगतो."

"विचार नको. सोमवारी शाळा उघडतायत. नऊला या."

सोमवारी तो पावणेनऊलाच खाली उतरला. किल्ली मालकीणबाईंकडे होती आणि त्या अजून वर चहा घेत होत्या.