पाहिलं का ऐकलं?

तुमच्या गोठ्याला आग लागली असं देवीदास गुरुजींना सांगायला गेलात, तर ते आधी विचारतील, "पाहिलं का ऐकलं?" पाहिलं म्हणालात तर बादली उचलतील. ऐकलं म्हणालात तर कुणाकडून, कधी, आणि त्यानं तरी पाहिलं का, ही चौकशी आधी. तोवर गोठ्याचं काय व्हायचं ते होवो.

वडवणीजवळच्या आमच्या गावात माझं किराणा दुकान आहे. समोरच ग्रामपंचायतीचा काळा फळा. कोरोना आला तेव्हा गावात रोज एक नवी अफवा आणि दोन नवे काढे निघायला लागले. सरपंचांनी वैतागून फळा रिटायर झालेल्या गुरुजींच्या हवाली केला.

गुरुजींनी नियम घातले. प्रत्येक ओळीखाली 'आधार' पाहिजे, म्हणजे कुणी सांगितलं आणि कधी. आजाऱ्याचं नाव लिहायचं नाही. 'बाधित' लिहायचं नाही, 'आजारी माणूस' लिहायचं. "माणूस राहू द्या त्यात," असं म्हणायचे. सरपंचांनी 'सावधान' लिहून पुढे तीन उद्गारचिन्हं ठोकली, तर गुरुजींनी तिन्ही पुसली. "ह्यानं ताप उतरतो का?"

त्यांना सगळ्यात जास्त छळायचा तो बापू, त्यांचा पहिलीपासूनचा दोस्त. मेंढरं घेऊन पार तलवाड्यापर्यंत फिरायचा आणि येताना गावोगावच्या बातम्या आणायचा.

"मास्तर, लिव्ह. कांद्याच्या धुरानं कोरोना पळतो. तलवाड्यात लई लोकं बरी झाली."

"तू पाहिलीस?"

"मी लोकं पाहत बसलो, तर मेंढरं कुणी पाहायची?"

"मग नाही लिहीत."

"माझं कामून लिहीत न्हाईस रं तू कदीच?" बापू पाय आपटत जायचा आणि दुसऱ्या दिवशी नवी बातमी घेऊन हजर व्हायचा.

मग बापूच आजारी पडला. गाडी त्याला बीडच्या दवाखान्यात घेऊन गेली. मोबाईल घरीच राहिला. भेटायला कुणाला सोडत नव्हते. त्याची बायको सोनाबाई रोज सकाळी माझ्या दुकानासमोर लांब उभी राहायची. "वाच की बाबा, काय लिव्हलंय?" फळ्यावर बापूचं काही नाही म्हटलं, की ती निमूट जाऊन मेंढरं सोडायची.

सहाव्या दिवशी चौसाळ्याकडून आलेल्या टेंपोवाल्यानं सांगितलं, बापू गेला. अर्ध्या तासात गावभर झालं. चारपाच जण गुरुजींकडे आले. फळ्यावर लिहा म्हणाले.

"पाहिलं का ऐकलं?"

"आवो, सगळं गाव म्हनतंय!"

"गावानं पाहिलं का?"

गुरुजी फळ्याला पाठ लावून उभे. सकाळपासून दवाखान्याला फोन लावत होते, लागत नव्हता. मला त्यांचा खरंच राग आला. माणूस गेला आणि ह्यांना आधार पाहिजे!

तेवढ्यात सोनाबाई आली. तिच्या कानावर गेलं होतं. त्या दिवशी तिनं मला विचारलंच नाही. "गुरुजी, फळ्यावर काय हाय?"

गुरुजींनी खडू घेतला, लिहिलं आणि स्वतःच मोठ्यानं वाचलं, "बापू उद्या येणार."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि मेंढरं सोडायला गेली. लोकही पांगले. ओळीखाली आधाराची जागा रिकामी होती. मी हळूच म्हणालो, "गुरुजी, आधार? आन नाव कसं काय लिहिलं?"

"तू तुझी साखर तोल."

दुसऱ्या दिवशी बापू आला नाही. गुरुजींनी ओळ पुसली आणि तीच पुन्हा लिहिली. तिसऱ्या दिवशीही. मलाही आता आधार विचारवत नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी दवाखान्याची गाडी थांबली. आतून बापू उतरला, नुसता हाडांचा सापळा. गाडीच्या दाराला धरून त्यानं आधी फळा वाचला.

"मास्तर, ह्याच्याखाली कुणाचंच नाव न्हाई. मी येनार म्हनून तुला कुनी सांगितलं?"

गुरुजी फळ्याकडे वळले. खडू इतका दाबून टेकवला की मोडला. उरलेल्या तुकड्यानं त्यांनी खाली लिहिलं, 'आधार: स्वतः पाहिलं.'

मग पुढे तीन उद्गारचिन्हं काढली.