हैबती धनगराच्या रक्ताची मोहीम

श्रीकृपेकरून शके अठराशे सत्तावन, युवा नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, वेल्हे मुक्कामी सुईचा जो संग्राम जाहला तो ऐकिला तैसा लिहितो. पदरचे घातले ते थोडकेच.

तोरण्याखालचा हैबती धनगर जंगल रखवालदारीचा उमेदवार जाहला, आणि अंगी पुरते रक्त असल्याचा दाखला आणावा ऐसा हुकूम सुटला. मेंढरे गेल्या साली रोगाने खपली होती, नोकरी हुकली तर बायकामुले घेऊन मुलूख सोडणे प्राप्त होते. मग हैबतीने विचार केला की सुईने एकदा भोक पडले म्हणजे सगळेच रक्त वाहून जाईल, आणि साप डसल्यावर बांधतात तैसा लोकरीचा दोरा घोंगडीआड दंडाला करकचून आवळून दवाखान्यावर चालून गेला.

राजमान्य राजेश्री डॉक्टर आनंदराव यांनी बोटावर सुईचा वार केला. थेंब येईना. मग साहेबांनी ते गार पडलेले बोट उसासारखे पिळिले आणि रक्त थोडे, पाणी बहुत ऐसा ऐवज नळीत उतरला. नमुन्याच्या रंगाशी ताडिला तो फिका. फर्मान जाहले की, उमेदवाराचे अंगी रक्त निम्मेच, सबब नालायक.

तेव्हा त्याची बायको पारूबाई पुढे सरली. "सायेब, माजा धनी मेंढरू खांद्याव घिऊन डोंगर चढतो. तुमचं बी बगा की एकडाव."

साहेबांनी हसत बोट पुढे केले. कंपौंडर कुंडलिकाने, धन्यास जखम कैसी करावी, या अदबीने सुई नुसती टेकविली, आणि थेंब न येता घाबरून पिळपिळ पिळिले. रंग ताडिला तो हैबतीहूनही फिका. त्याच कायद्याने साहेबही नालायक ठरत होते.

धनगराचे फिके निघाले तेव्हा खोट रक्ताची होती. साहेबांचे निघताच ती पिळण्याची ठरली. तात्काळ नवे फर्मान सुटले की, पिळिल्याने मांसातले पाणी मिसळते, सबब हात शेकावा, सुई नीट रुतवावी, पहिला थेंब पुसावा, बोट पिळू नये. शेकायास हैबतीची घोंगडी काढिली तो दोरा सापडला, तोही जप्त जाहला. मग आपसूक थेंब आला, लालबुंद, आणि रंग पुरता भरला.

साहेबांनी दाखल्यावर मोहोर करून, आता रक्त उत्तम आहे, ऐसे फर्माविले.

"सकाळीबी हेच व्हतं, सायेब," हैबती म्हणाला. "तवा तुमचं तपासलं न्हवतं."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नव्या युक्तीचा मान दफ्तरी आनंदरावांचे नावे दाखल जाहला, आणि हैबती दुखरे बोट तोंडात धरून जंगलाच्या पहाऱ्यास रुजू जाहला.