तुळशीरामजींचा निर्दोष चहा

तुळशीरामजी इंगळे चहा पिण्याआधी तो कागदावर पसरून भिंगातून पाहत. एकेक पान. मग चिमूटभर गार पाण्यात टाकत, पाण्याला लगेच रंग चढला की म्हणत, "रंगवला हाये." मग त्यावरून लोहचुंबक फिरवत, कारण वजन वाढवायला चहात लोखंडाचा कीस मिसळतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. एवढ्या सगळ्यातून चहा खरा निघाला, तोवर चुलीवरचं पाणी अर्धं आटलं, की ते मान वर करून शेवटचा प्रश्न विचारत, "आता हे सांगा, हे पान तोडलं कोनं? आन् तोडनारीच्या पोटात काही होतं का?"

या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या अमरावतीत कोणाकडेही नसल्यामुळे चहा बहुधा राहून जाई.

मी मूळचा पुण्याकडचा. एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला म्हणून अमरावतीला आलो आणि राजापेठेत तुळशीरामजींच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. ते एका नामांकित वकिलाचे कारकून. साक्षीदाराला कुठे अडवायचं याची चिठ्ठी तीस वर्षं ते वकिलाच्या हातात सारत आले होते, आणि घरी आल्यावरही ती सवय सुटत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"पुन्याचे काय? मंग चहा पेत असान."

"पितो की."

"कोनता?"

"जो मिळेल तो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरात प्रेत लपवल्याचं कबूल केलं होतं. त्यानंतर तासभर ते बोलत होते. आसामातले मळे, तिथली जळवांनी भरलेली झुडपं, तिथली हिवतापाची साथ. दाराआडून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला हातानं खुणावत होत्या. मला वाटलं, चहा आणू का विचारताहेत. मी मान डोलावली. त्या खुणेचा अर्थ 'उठून जा, चहा होणार नाही' असा होता, हे मला पुढे समजलं.

चहा ते घेत इतवारा बाजारातल्या रहीमभाईंच्या दुकानातून. घेत म्हणजे, न घेता परत येत. रहीमभाई चार प्रकारचा सुटा चहा ठेवत, आणि तुळशीरामजी चारही प्रकारांची जबानी घेत.

"हा कुठचा?"

"आसामचा आहे, तुळशीरामजी. एकदम कडक."

"कोनता मळा?"

"अजी, खोक्यावर लिहिलं नाही तर मी कुठून सांगू?"

"आन् पानीपाऊस आला का त्या बायकाइच्या डोक्यावर काय असते?"

"माझ्या डोक्यावर टोपी आहे, तेवढं मी सांगू शकतो," रहीमभाई म्हणत आणि पुढच्या गिऱ्हाइकाला साखर बांधून देत.

एकदा चहाचा प्रचार करणारी मोटार गावात आली. कोटटोपीवाला एक गृहस्थ चौकात फुकट चहा वाटत होता आणि पाणी किती उकळावं, पूड केव्हा घालावी, हे सांगत होता. गर्दी लोटली. तुळशीरामजी कप हातात घेऊन पुढे झाले आणि सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "तोडनारी बाई बाळंत झाली तर तिले किती दिवस घरी राहू देतात?" तो बिचारा घाबरला. म्हणाला, "साहेब, मी फक्त उकळतो." तुळशीरामजींनी कप जसाच्या तसा परत ठेवला. मागच्या माणसाने तो उचलून पिऊन टाकला.

बरं, चहा सोडावा, तर तेही नाही. आमच्या गल्लीत खादी वापरणारे एक गृहस्थ होते. त्यांनी एकदा सरळ सुचवलं, "अहो, एवढं पाप वाटते तर सोडूनच द्या ना तो चहा. मी सोडला." तुळशीरामजी उसळले. "तुमी सोडला, तुमचं पोट साफ झालं. तिथल्या बाईले काय भेटलं? मळा बसला तर तिले हाकलून देतीन. ती जाईन कुठं? चहा प्याचा, पन जो मळेवाला मानसाले मानूस म्हनते, त्याचा प्याचा." खादीवाले गृहस्थ आपल्या वाटेने गेले. मला ते पटलं. पण म्हणून तुळशीरामजींची टिंगल करायची मी थांबलो नाही. शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत त्यांचे प्रश्न मी हुबेहूब त्यांच्या आवाजात करून दाखवत असे, आणि लोक पोट धरून हसत.

मग त्यांनी मळ्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली. शुद्ध मराठीत, कोर्टातल्या अर्जासारखी. मी म्हटलं, "तुळशीरामजी, आसामातला साहेब मराठी कशी वाचणार?"

"ज्याले गरज हाये तो वाचून घेईन."

गरज कोणालाच नव्हती. उत्तर येईना. तेव्हा दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी जाहीर केलं की एखाद्या मळ्याचं समाधानकारक उत्तर येईपर्यंत या घरात चहाचं पान शिरणार नाही.

हा निश्चय त्यांचा, आणि डोकेदुखी काकूंची. काकूंना दुपारचा चहा नसला की डोकं धरून बसावं लागे. त्या माझ्याकडे येऊन, दार लोटून, माझ्या मोडक्या कपातून माझा पापी चहा पीत. तुळशीरामजींचं त्याहून वाईट झालं होतं. चहावाचून ते अशिलांवर खेकसू लागले. वकिलांच्या समोरच त्यांनी एका जमीनदाराला खोटारडा म्हटलं. तो खोटारडा होताच, पण तो वकिलांचाच अशील होता. संक्रांतीच्या सुमारास काकू मला म्हणाल्या, "मास्तर, मी तर आता एलिचपूरले भावाकडे चालली. हे आन् यायचे मळे, बसू द्या दोघाइले." आणि त्यांनी खरंच ट्रंक भरायला घेतली.

तेव्हा मी आणि रहीमभाईंनी एक बेत केला.

अकोल्याला ताजनापेठेत रहीमभाईंच्या मेहुण्याचं दुकान होतं. त्यालाच आम्ही एका मळ्याचा एजंट करून टाकलं. मळ्याचं नाव मी दिलं 'लिलीबरी'. रहीमभाईंच्या दुकानाच्या मागच्या बाजूला बसून मी उत्तम कागदावर, उत्तम इंग्रजीत पत्र लिहिलं आणि त्यांना त्याचा अर्थ मराठीत सांगत गेलो: आपलं पत्र एका मराठी जाणत्याकडून वाचून घेतलं. आमच्याकडे प्रत्येक बाईला पावसात मेणकापड मिळतं. बाळंतिणीला विश्रांती मिळते. डॉक्टर आहे. प्रत्येक घरामागे एक गाय आहे.

"गाय काढा, मास्तर," रहीमभाई म्हणाले. "तेवढ्यात पकडले जाऊ."

मी गाय ठेवली. मला ते वाक्य आवडलं होतं. खाली लिहिलं की यापुढील पत्रव्यवहार अकोल्याच्या एजंटाशी मराठीत करावा.

पत्र अकोल्याहून आलं त्या दिवशी तुळशीरामजी कोर्टात गेले नाहीत. त्यांनी ते दोनदा स्वतः अडखळत वाचलं आणि दोनदा माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं. गाईपाशी एकदाही थांबले नाहीत. पाठोपाठ नव्या डब्यात चहा आला. रहीमभाईंनी डबा तेवढा नवा घेतला होता. आत तोच चहा होता जो तुळशीरामजींनी तीनदा नाकारला होता. काकूंनी तो केला. तुळशीरामजींनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "फरक हाये! मास्तर, मानुसकीची चव लागून राहिली."

मी उपरण्यात तोंड खुपसून खोकल्याचं सोंग केलं. आठवडाभर गल्लीतला येणाराजाणारा त्यांच्या ओसरीवर माणुसकीची चव घेऊन गेला. काकूंनी ट्रंक रिकामी केली. शिक्षकांच्या खोलीत माझी नक्कल आता पाऊण तासाची झाली होती.

पंधरा दिवसांनी रहीमभाईंनी मला दुकानात बोलावून घेतलं. तुळशीरामजींनी एजंटाला लिहिलेलं पत्र मेहुण्याने अकोल्याहून परत पाठवलं होतं. पाकीट बंदच होतं. "फोडा," रहीमभाई म्हणाले, "आता गाईचं दूध किती ते विचारलं असेल." मी हसत हसत फोडलं आणि मोठ्याने वाचू लागलो.

'एजंटसाहेबांस नमस्कार. चहा पोचला, उत्तम आहे. पुढील मजकूर मळ्याच्या साहेबांस इंग्रजी करून कळवावा. फार वर्षांमागे, दुष्काळाच्या सालात, मी नागपूरला मळ्यांसाठी माणसं भरती करणाऱ्या डेपोत लिहिणारा होतो. वय अठरा. तेव्हा फुलवंती नावाची एक बाई आली होती. बालाघाटकडची. कपाळावर गोंदण, कडेवर वर्षाची मुलगी. मुलीचं नाव मी लिहिलं नाही, त्याला रकाना नव्हता. अंगठा करण्याआधी बाईने मला विचारलं, भाऊ, किती लांब आहे? मला जे सांगायला शिकवलं होतं ते मी सांगितलं. एक रात्र गाडीत बसायचं, होळीला परत येशील. ती हसली आणि तिने अंगठा दिला. पुढे मी ती नोकरी सोडली. आपल्या मळ्यात माणसांना बरं वागवतात असं आपण लिहिता, म्हणून मनात आलं की नशिबाने ती आपल्याकडे लागली असेल. असल्यास कळवावं. ती नसल्यास मुलीबद्दल कळवावं, मुलगी आता चौतीस वर्षांची असेल.'

हसू केव्हा थांबलं ते मला समजलं नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं, रहीमभाईंनी त्याला हातानेच परत पाठवलं.

"मास्तर," ते म्हणाले, "आता काय लिहिता? आहे म्हणून लिहिता, की मेली म्हणून लिहिता?"

मी पत्र घडी करून पाकिटात परत घातलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. काकू ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, लिलीबरीपासून फुलवंतीच्या पत्रापर्यंत. रहीमभाईंनी त्यांचं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. काकूंचं सूप थांबलं. तीस वर्षांच्या संसारात फुलवंतीचं नाव त्यांनीही ऐकलेलं नव्हतं.

तुळशीरामजी चिडतील, हाकलून देतील असं मला वाटलं होतं. खरं तर तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी पाकीट उचललं आणि फोडलेली कड बोटाने सारखी केली.

"गाय कोनं लिहिली?"

"मी."

"वाटलंच. गाय वाचली तवाच मले समजाले पाहिजे होतं." त्यांनी पाकीट खाली ठेवलं. "पन मले ते खरं पाहिजे होतं." मग एकदम मान वर करून म्हणाले, "म्हंजे हे पत्र मळ्यावर गेलंच नाई?"

"नाही."

"मंग अजून कोनी नाई म्हटलं नाई."

ते उठून आत गेले आणि एक यादी घेऊन आले. आसामातल्या मळ्यांची नावं आणि पत्ते, त्यांच्या कोर्टातल्या अक्षरात. यादी माझ्या पुढ्यात टाकून म्हणाले, "तुमचं इंग्रजी चांगलं हाये. बसा."

मी बसलो. रहीमभाई दुकान बंद ठेवून पाकिटांवर तिकिटं चिकटवत राहिले. मजकूर तोच होता, फक्त आता खऱ्या मळ्यांसाठी. पहिलं पत्र संपवून मी सहीसाठी पुढे केलं, तर ते म्हणाले, "थांबा. शेवटी अजून एक लिहा. लिहा, का ज्यानं एक रात्र सांगितलं त्याले अंतर माहीत होतं."

"हे कशाला, तुळशीरामजी?"

"ती भेटली तर तिले वाचून दाखवतीन ना. तिले असं वाटाले नोको, का त्या पोराले ठावं नव्हतं म्हनून."

ते वाक्य मला इंग्रजीत धड जमेना. तीन कागद वाया गेले. आम्ही त्या दिवशी अकरा पत्रं लिहिली. काकूंनी मधे काही न विचारता सगळ्यांपुढे चहा आणून ठेवला. तो तुळशीरामजींनी पाहिला नाही, तपासला नाही. तसाच गार झाला.

दोन मळ्यांची उत्तरं आली. या नावाची कोणी बाई आमच्या पटावर नाही, अशी दोन दोन ओळींची. बाकीच्यांनी तेवढंही कळवलं नाही. तुळशीरामजींनी दोन नावांवर काट मारली आणि कुठून कुठून नवी नावं मिळवली.

पुढच्या वर्षी मला अकोल्याच्या शाळेत जागा मिळाली. शिक्षकांच्या खोलीत तिथेही हसण्यासारखी माणसं होती, पण मी कोणाची नक्कल केली नाही. दर महिन्याला अमरावतीहून एक पाकीट येई. वर नव्या मळ्याचा पत्ता, खाली त्यांच्या अक्षरात तोच मजकूर, आणि कोपऱ्यात 'इंग्रजी करून धाडा'. मी करून धाडत असे. काही वर्षं हे चाललं. मजकूर मला पाठ झाला होता, शब्द कधी बदलला नाही. फक्त मुलीचं वय ते दर होळीला एकाने वाढवत.