कासवाची जन्मतारीख

एका जंगलात थोर मंडळी फार झाली होती. झाडं कमी आणि थोर जास्त, अशी वेळ आली होती. बाळांनो, हलू नका, नीट ऐका. तुमच्याच कामाची गोष्ट आहे.

त्या जंगलाचा एक रिवाज होता. कुणालाही काही नवीन घ्यायचं असेल, तर ते आधी थोरांच्या बैठकीसमोर ठेवायचं. थोर ते उचलून बघणार, बोटाने वाजवून बघणार, नाक मुरडणार आणि म्हणणार, "आमच्या वेळी हे नव्हतं." एवढं झालं की वस्तू घेता येई. आणि घेतली की ती थोरांच्या नावावर होई. ढोल्या थोरांच्या नावावर. नदीचा घाट थोरांच्या नावावर. मधाची पोळीसुद्धा थोरांच्या नावावर. मधमाश्या यावर काही बोलत नसत, पण चावत असत.

या जंगलात टोचणी नावाची एक साळिंदराची मुलगी राहत होती. नुकतीच वयात आली होती. राग आला की तिचे काटे उभे राहत. राहायचं याच जंगलात असल्यामुळे ते सहसा उभेच असत.

टोचणीला गेम खेळण्यात तोड नव्हती. आणि नदीपलीकडच्या जंगलात गेम बनवणाऱ्यांचा एक कारखाना होता. कारखाना दर वर्षी नेटवरून स्पर्धा घेई. जिंकेल त्याला तिथे काम मिळे. अट एकच होती. यंत्र उसनं चालणार नाही, आणि यंत्रात खेळाडूचं स्वतःचं नाव हवं.

टोचणीने अख्खा हिवाळा कंदमुळं खणून कमाई जमवली होती. तिला हातात धरायचा गेमचा कॉम्प्युटर घ्यायचा होता. मधे स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं, अंगठ्यांसाठी दोन छोट्या दांड्या. ओंजळीत मावेल, पण आत सगळा कॉम्प्युटर.

आणि स्पर्धा हुकली तर? तर घुबडकाकांनी तिच्यासाठी वारूळमोजणी खात्यात जागा बघून ठेवली होती. रोज सकाळी जंगलातली वारुळं मोजायची आणि संध्याकाळी आकडा सांगायचा. आकडा कधीच बदलत नसे. नोकरी कायमची होती.

म्हणून टोचणी बैठकीला घेऊन कावळेभाऊंच्या दुकानात गेली. कावळेभाऊंनी पळसाच्या पानावर तीन यंत्रं मांडली. एक अगदी हलकं होतं, पण त्याची बॅटरी डुलकी काढावी तशी मधेच झोपत असे. एक जडशीळ होतं आणि त्याचा पंखा भुंग्यासारखा घोंघावत होता. मधलं बेताचं होतं. उन्हात स्क्रीन दिसत होती, दांड्या घट्ट होत्या, बॅटरी स्पर्धा संपेपर्यंत टिकणारी होती.

"मला हे मधलं," टोचणी म्हणाली.

"थांब," घुबडकाका म्हणाले. घुबडकाका जंगलातले तज्ज्ञ होते. दिवसा त्यांना दिसत नसे, त्यामुळे मत बनवताना काही आड येत नसे. "यातलं सगळ्यात जड कुठलं?"

"काका, जड घेतलं तर मनगटं भरून येतात."

"जड वस्तू टिकते. आमच्या आजीचा पाटा बघ."

"पाट्यावर कुणी गेम खेळत नाही."

"म्हणूनच टिकलाय!"

अस्वलमावशी पुढे वाकल्या. "रंग कुठला आहे गं? मळखाऊ घे, बाई. पांढरा घेशील आणि मग धूत बसशील."

"मावशी, हे धुवायचं नसतं."

"शी!" अस्वलमावशी म्हणाल्या आणि मागे सरकल्या.

आता धीमाजीरावांनी मान बाहेर काढली. धीमाजीराव म्हणजे कासव, बैठकीचे प्रमुख आणि जंगलातले सगळ्यात थोर. सगळे गप्प झाले. धीमाजीरावांचं वाक्य यायला वेळ लागत असे.

"एवढ्या पैशात," ते म्हणाले, "एक म्हैस आली असती."

बाजूलाच एक म्हैस उभी होती. ती शेपटी झटकून निघून गेली.

"याने करतात काय?" धीमाजीरावांनी विचारलं.

"खेळतात."

"आणि?"

टोचणीचे काटे करकरले. पण वारुळं तिच्या डोळ्यांसमोर आली. "आणि यात पंचांग दिसतं, आजोबा."

बैठकीचे चेहरे उजळले. "मग असं आधी सांगावं ना!" घुबडकाका म्हणाले. "घ्या. पण जडच घ्या."

कावळेभाऊंनी थोरांना पिढ्यान्‌पिढ्या माल विकलेला होता. त्यांनी मधलं यंत्र खोक्यात घातलं, त्याच्या खाली एक नदीतला गोटा सारला आणि खोकं घुबडकाकांच्या पंजात दिलं.

"हं!" घुबडकाका वाकून म्हणाले. "याला म्हणतात वस्तू."

बाळांनो, यंत्र घेतलं म्हणजे झालं, असं तुम्हाला वाटलं ना? तुम्ही अजून लहान आहात. ते चालू करायला मुहूर्त लागतो. मुहूर्त निघाला तो नेमका स्पर्धेच्याच दिवशी. टोचणीने पाय आपटले, जमिनीवर काट्यांनी रेघा ओढल्या, पण मुहूर्त हलला नाही.

त्यात आणखी एक अडचण होती. जंगलात नेट यायचं ते फक्त सगळ्यात उंच वारुळाच्या टोकावर. आणि धीमाजीरावांशिवाय शुभकार्य होत नसे. त्यांना ढकलत, लोटत, दोनदा घरंगळू देत वर नेण्यात सकाळ गेली. धीमाजीराव दर वेळी खाली पोचले की म्हणत, "घाई करू नका रे."

वर पोचल्यावर यंत्राची पूजा झाली. अस्वलमावशींनी त्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं. जिथून पंख्याला हवा जाते, नेमक्या त्याच फटींवर वाहिलं. थोडं बटणांवर सांडलं.

"मावशी, तिथे नको!"

"मग काय तुझ्या डोक्यावर वाहू? अपशकुनासारखी मधे मधे बोलू नकोस."

टोचणीने यंत्र चालू केलं. पंखा गरकन फिरला आणि फटींवरचं सगळं कुंकू थोरांच्या तोंडावर उडालं.

"फार शुभ आहे," घुबडकाका डोळे चोळत म्हणाले.

टोचणी स्क्रीनवरचं प्लास्टिक सोलायला गेली, तर तिघेही किंचाळले. "हात लावू नकोस! नवीन आहे ते!" त्या जंगलात प्लास्टिक काढणं म्हणजे वस्तूचा अंत समजत. धीमाजीरावांनी तर स्वतःच्या पाठीवरही प्लास्टिक चढवून घेतलं होतं. ते चालताना चुरचुर वाजत. पण पाठ बघा कशी नवी आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग अस्वलमावशींनी स्वतः विणलेलं लोकरीचं कव्हर काढलं आणि यंत्राला घातलं. गोंडे होते. पंख्याची उरलीसुरली हवा बंद झाली. यंत्र तव्यासारखं तापलं.

"तापलं का?" धीमाजीरावांनी रस घेऊन विचारलं. "आण बघू इकडे." त्यांनी ते गुडघ्याला लावलं. "अहाहा! पंचांग आहे, शेकही मिळतो. छान वस्तू आहे हो."

"आजोबा, द्या इकडे! दुपारी स्पर्धा आहे माझी! अजून नाव घालायचंय, अपडेट व्हायचंय..."

"नाव?" घुबडकाकांची मान अख्खी गोल फिरून परत जागेवर आली. "नाव कुणाचं?"

"माझं. माझ्या कष्टाचं आहे."

बैठकीत कुजबुज झाली. मग तिघे हसले. अगदी मायेने हसले. बाळांनो, थोर मायेने हसायला लागले की समजावं, आपलं काहीतरी गेलं.

"टोचणे," धीमाजीराव म्हणाले, "घर एक, तर नाव एक. यंत्र माझ्या नावावर राहील. तू खेळ की. तुला कोण नको म्हणतंय?"

"पण स्पर्धेत स्वतःचं नाव लागतं!"

"तिथे आमची ओळख सांग."

टोचणीचे सगळे काटे ताठ झाले. पण यंत्र धीमाजीरावांच्या मांडीवर होतं आणि त्यांच्यावर काटे चालत नसत. घुबडकाकांनी अंदाजाने अक्षरं दाबून धीमाजीरावांचं नाव भरलं. मग यंत्राने विचारलं, जन्म कोणत्या सालचा?

"मोठ्या पुराच्या आदल्या वर्षीचा," धीमाजीराव म्हणाले.

साल निवडायला स्क्रीनवर बोट फिरवायचं होतं. सगळ्यात वर चालू साल होतं, खाली खाली जुनी सालं. धीमाजीराव बोट फिरवू लागले. टोचणीचा जन्म गेला, तिच्या आईचा गेला, घुबडकाकांचा गेला. सालं संपली. मोठा पूर आलाच नाही.

"माझं सालच नाही यात," धीमाजीराव दुखावून म्हणाले. बोट उचललं, तशी सालं घसरून परत चालू सालावर आली.

"राहू दे ते वरचंच," घुबडकाका म्हणाले. "यंत्राला काय कळतंय?"

"काका," टोचणी म्हणाली, "ते साल ठेवलंत ना, तर—"

"मधे बोलू नकोस!" तिघेही एकदम म्हणाले.

आणि बाळांनो, टोचणी आयुष्यात पहिल्यांदा मधे बोलली नाही. तिने तोंड मिटलं. एकेक करून काटे खाली ठेवले. वारुळावर बसून ती नदीकडे बघत राहिली.

धीमाजीरावांनी 'ठीक' दाबलं.

यंत्रातून नाजूक सूर निघाला. स्क्रीनवर फुगे उडाले. "बाळ धीमाजी, तुझं स्वागत आहे!" यंत्र बोललं. "तू अजून खूप लहान आहेस. खेळण्याआधी तुझ्या घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला बोलाव हं!"

वारुळातल्या मुंग्याही थांबल्या.

"काय म्हणालं ते?" धीमाजीरावांनी विचारलं.

"मोठ्या कुणाला तरी बोलवा म्हणतंय," टोचणी म्हणाली.

"माझ्याहून मोठं? या जंगलात?" धीमाजीरावांचा आवाज बारीक झाला. "मी वाळूतून बाहेर आलो तेव्हाही कुणी नव्हतं रे."

"घाबरू नका, मी होतो पालक," घुबडकाका पुढे झाले. पण समोरच्या फांदीवर नदीकाठच्या घुबडीणबाई बसल्या होत्या. घुबडकाका गेली कित्येक वर्षं लग्नाच्या खटपटीत होते आणि दर वर्षी आपलं वय थोडं थोडं कमी सांगत आले होते. बाईंच्या देखत त्यांना ते कमी केलेलं वयच यंत्रात भरावं लागलं.

"छोट्या मित्रा," यंत्र म्हणालं, "तूसुद्धा मोठ्यांना बोलाव हं!"

सगळ्यांनी अस्वलमावशींकडे पाहिलं.

"बायकांना वय विचारतं मेलं!" मावशी म्हणाल्या आणि लोकर आवरायला लागल्या.

नदीपलीकडून स्पर्धेचा भोंगा वाजला. पहिला इशारा.

टोचणीने पंजा पुढे केला. यंत्र तिच्या पंजात आलं. तिने आपलं नाव टाकलं आणि आपलं खरं साल टाकलं.

"नमस्कार, टोचणीताई," यंत्र अदबीने म्हणालं. "बाळ धीमाजीची जबाबदारी तुम्ही घेता का?"

टोचणीने वळून पाहिलं. धीमाजीराव मान, पाय, शेपूट सगळं आत घेऊन बसले होते.

"आजोबा, घेऊ का?"

आतून आवाज आला, "घे."

"ऐकू नाही आलं."

"घे गं, बाई!"

टोचणीने जबाबदारी घेतली. मग यंत्रात खेळाडू म्हणून स्वतःला घातलं. "नवा खेळाडू जोडण्यासाठी पालकांची परवानगी हवी," यंत्र म्हणालं. टोचणीने टोचणीकडे परवानगी मागितली. टोचणीने जरा विचार केला आणि दिली.

मग तिने लोकरीचं कव्हर ओढून काढलं. पंख्याने मोठा श्वास घेतला. आणि मग तिने प्लास्टिकचं टोक नखात धरलं आणि खसकन सोललं. अस्वलमावशींना घेरी आली. घुबडकाकांनी त्यांना धरलं, म्हणजे त्यांच्या शेजारच्या झुडपाला धरलं.

दुसरा भोंगा वाजला आणि स्पर्धा सुरू झाली.

खेळ गाड्यांच्या शर्यतीचा होता आणि पलीकडून बिबट्याची पोरं खेळत होती. चपळ, मस्तवाल, घरची श्रीमंत. टोचणीने पहिलंच बटण दाबलं. सांडलेल्या कुंकवाने उडीचं बटण अडकलं होतं. ते दाबलेलंच राहत होतं. तिची गाडी बेडकासारखी उडत सुटली.

"ही काय चाल आहे?" बिबटे एकमेकांना विचारू लागले.

टोचणीने दात-ओठ खाऊन दांड्या धरल्या. उडी थांबवता येत नव्हती, पण कुठे पडायचं ते तिच्या हातात होतं. ती दरीवरून उडाली, पुलावरून उडाली, एका बिबट्याच्या गाडीच्या टपावर आपटून पुढे उडाली. बिबटेही तिच्यासारखे उडू लागले. पण कुठे पडायचं ते त्यांना साधेना. एकेक करून सगळे दरीत गेले.

टोचणी जिंकली.

दुसऱ्या दिवशी वडाखाली सत्कार झाला. शाल आणि नारळ धीमाजीरावांना मिळाला, कारण यंत्र त्यांच्या नावावर होतं. घुबडकाकांनी भाषण केलं की जड यंत्र घ्या असं आपण आधीच सांगितलं होतं. अस्वलमावशी प्रत्येकाला सांगत होत्या, "कुंकवाने जिंकवलं हो पोरीला." यातलं मावशींचं खरं होतं, म्हणून टोचणीचे काटे जास्तच उभे राहिले.

टोचणी कारखान्यात निघाली, तेव्हा थोर म्हणाले, "घरातली वस्तू घरात राहू दे." तिने वाद घातला नाही. कारखान्यात तिला दुसरं यंत्र मिळणार होतं. घरचं यंत्र वारुळावर राहिलं.

आणि धीमाजीरावांना भरधाव गाडी चालवायचा नाद लागला. जन्मात कुणाला मागे टाकलं नव्हतं ना! ते रोज दुपारी वारूळ चढतात, चुरचुर वाजत. यंत्र म्हणतं, "बाळ धीमाजी, ताईला विचार हं!" ते विचारतात. नदीपलीकडून टोचणीचं उत्तर येतं. जेवलास का? पाणी प्यायलास का? पाठीवरचं प्लास्टिक काढलंस का?

"काढलं," धीमाजीराव लिहितात.

"खोटं बोलू नकोस."

मग ती थोडा वेळ खेळू देते. गाडी ऐन रंगात आली की स्क्रीन काळी होते.

"ताई, थोडाच वेळ! शर्यत अर्धी राहिलीये!"

"नाही."

"पण का?"

परवा टोचणीने याचंही उत्तर पाठवलं. धीमाजीरावांनी ते वाचलं आणि मान आत घेतली. अजून बाहेर काढलेली नाही.

"मोठा झालास की कळेल."

तात्पर्य: बाळांनो, थोरांचा शब्द मोडू नये. सगळं त्यांच्याच नावावर होऊ द्यावं. आणि ते चुकत असताना 'मधे बोलू नकोस' म्हणाले, की लगेच ऐकावं.