बनसोडे सिस्टरांची आयर्लंडातली ड्युटी

सोलापुरात भवानी पेठेत आमच्या समोरच्या गच्चीवरून रोज सकाळी एका बाईचा दरडावणारा आवाज येतो. "काय बे, परवा खत घातलं, काल पाणी दिलं, तरी तोंड पाडून बसलास? नाटकं नकोत." गल्लीत नव्यानं आलेली माणसं काही दिवस त्या घरातल्या मुलासाठी हळहळतात. त्या घरात मुलगा नाही. हे सगळं मोगऱ्याला चाललेलं असतं.

बनसोडे सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या, पण वॉर्ड काही सुटला नाही. कुंड्यांना त्या पेशंट म्हणतात. पेठेत कुणाची तुळस सुकली की ती सिस्टरांकडे ॲडमिट होते आणि घेऊन जाणाऱ्याला आधी बोलणी खावी लागतात. आमची आई एकदा जास्वंद घेऊन गेली. सिस्टरांनी कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाल्या, "पाणी पाजून मारलीस की हिला." आईनं घरी येऊन तो राग बाबांवर काढला. जास्वंद मात्र महिन्याभरात फुलली.

या बाई गेल्या वर्षी एकट्याच आयर्लंडला गेल्या. माळीकामाला! भाचीनं इंटरनेटवर शोधून दिलं होतं. तिकडं म्हणे बागेत राबणाऱ्याला राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण देतात, पगार नाही. व्हिसाचं सगळं भाचीनंच निस्तरलं. पेठेत दुसरा विषय नव्हता. फुकट माती उकरायला विमानानं कशाला जायचं, सोलापुरात मातीला काय तोटा, असं कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं तोंडावर विचारलं. "हितं माती हाय, पाऊस कुटं हाय?" म्हणून सिस्टर निघाल्या. बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या. विमानतळावर पर्समधलं खुरपं काढून घेतलं, तेव्हा तिथल्या शिपायाला त्यांनी सुनावलं, की डॉक्टरचा स्टेथोस्कोपही असाच काढून घेता का.

घरमालक थॉमस म्हणून एक म्हातारा. बायको वारलेली, गुडघे गेलेले, बागेत कमरेएवढं गवत. सिस्टरांचं इंग्रजी सगळं वॉर्डातलं. 'टर्न दिस साइड', 'डीप ब्रीद', 'नो टेन्शन'. तेवढ्यावर त्यांनी बाग आणि थॉमस दोघांनाही ताब्यात घेतलं. पहिल्या आठवड्यात गवत गेलं. दुसऱ्या आठवड्यात थॉमसला खुर्चीवर बसवून गुडघ्यांचे व्यायाम सुरू झाले.

दर रविवारी आम्हाला व्हिडिओ कॉलवर रिपोर्ट मिळायचा. कोबीला गोगलगायी लागल्यात. जेवण म्हणजे उकडलेला बटाटा, पेशंटचं पथ्य. मग त्यांनी थॉमसच्या बटाट्यावर शेंगाचटणी घातली. तो उठून नळाशी गेला, डोळे पुसत परत आला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून ताट पुढं केलं. एकदा तर आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो गोरा म्हातारा काठीवर रेलून गुलाबाला म्हणत होता, "काय बे?"

तीन महिन्यांनी सिस्टर परत आल्या. मी भेटायला गच्चीवर गेलो, तर तक्रारींचा पाढा सुरू. ऊन मिळमिळीत, चहा पाणचट, माणसं वेळेच्या आधीच झोपणारी.

"मग तीन महिने काढले कसे?" मी विचारलं.

सिस्टरांनी पाण्याचा पाइप एका कुंडीत सोडला. मग म्हणाल्या, "तो जेवायला हाक मारायचा रे. मागच्या दारात उभा राहून. 'सिस्टर, डिनर.' मला गुलाबातनं उठायला उशीर झाला तर परत हाक मारायचा." त्यांनी पाइप दुसऱ्या कुंडीत सोडला. "वॉर्डात सगळ्यांची ताटं मी वाटली. घरी आले की आपणच कुलूप काढायचं, आपणच वाढून घ्यायचं. मला कोण हाक मारणार?"

आणि लगेच त्या मोगऱ्यावर घसरल्या.

घरी येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोळ्या झाल्यावर ती गच्चीवर गेली आणि समोर बघून हाक मारली, "सिस्टर, जेवायला या."

समोरच्या पाण्याचा आवाज थांबला. सिस्टर पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. ऐकू गेलं नसेल, असं वाटून आईनं पुन्हा मोठ्यानं हाक मारली.

"ऐकलं की पहिल्यांदाच," सिस्टर न वळता म्हणाल्या. "अजून एकदा मार."