जळोचीच्या वसतिगृहातली शिरगणती

सदतीस चपला. सरकारी जीपमध्ये बोरांच्या बिया. लांडग्यानं नेलेली अकरा मेंढरं. काजळाची डबी.

यांचा एकमेकांशी काय संबंध, असं महिपतीआबांना विचारलं की ते आधी चहा मागवतात.

सन चौऱ्याण्णवच्या जानेवारीत आबा भवानीनगरच्या हॉटेलात छातीठोक सांगून आले होते, "उद्या तपासणी झाली की मान्यता खिशात. सायबाला बोट ठिवायला जागा न्हाय."

खरंच नव्हती. जळोचीत आबांनी आणि त्यांच्या बायकोनं, रतनबाईंनी, मुलींचं वसतिगृह काढलं होतं. ज्यांचे आईबाप मेंढरांमागं रानोमाळ फिरतात, त्या मुलींसाठी. नियमाप्रमाणं संडास होते, वाळूच्या बादल्या होत्या, खिडक्यांना जाळ्या होत्या. फक्त मान्यता नव्हती. ती मिळाली नाही तर महिनाअखेर दाराला कुलूप आणि मुली पुन्हा मेंढरांमागं.

पुण्याहून तपासनीस मानसिंगराव आले. सगळं पाहून खूश झाले. मग फॉर्मवर पेन टेकवून म्हणाले, "मुली किती?"

"हायेत की."

"आहेत म्हणजे किती?"

"घर भरून हायेत, सायेब."

झालं! आबांची हयात मेंढरांत गेलेली. कळपाचा आकडा तोंडातून काढायचा नसतो. काढला की दृष्ट लागलीच. आबा लहान असताना गणतीला आलेल्या कारकुनानं बोट नाचवत त्यांच्या वडलांची मेंढरं मोजली होती, आणि लांडग्यानं अकरा नेली. तेव्हापासून त्या घरात भाकरीसुद्धा कुणी मोजत नाही.

साहेबांनी रतनबाईंना विचारलं, "रोज किती जणींचा स्वयंपाक करता?"

"पोरी ढेकर द्याय लागल्या की चूल इझवायची. त्यात किती काय?"

हजेरीपटावर नावं होती, पण अनुक्रमांकाचा रकाना कोरा. "नावं कुणीही लिहील. मला डोकी पाहिजेत," म्हणत साहेबांनी दारातल्या चपला मोजल्या. सदतीस. म्हणजे साडेअठरा मुली. मग त्यांनी मुलींना अंगणात उभं केलं आणि बोट उगारलं. बोट दिसताच काहीजणी पटापट खाली बसल्या. आबांची शिकवणच तशी. पहिल्या खेपेला एकोणीस. दुसऱ्या खेपेला पंचवीस, कारण जीप बघायला आलेल्या शेजारच्या दोघी मध्येच घुसल्या होत्या.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "महिपतराव, आकडा जुळला नाही तर बोगस म्हणून शेरा मारावा लागेल. मग माझ्या हातात काही नाही."

आबांचा चेहरा पडला. मग ते उठले. "तुमी मोजू नगा, सायेब. मी कोंडून दावतो."

आपल्यालाच कोंडतात की काय, म्हणून साहेब दोन पावलं मागं सरकले.

आबांनी दारात काठी आडवी धरली. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात घेताना धरतात, तशी. काठी उचलली की एक मुलगी आत. "छकुली, जा. प्रतीक्षा, जा. तू आमची न्हाईस, घरला पळ." साहेब ओठ मिटून मनात मोजत होते. अंगण रिकामं झालं. आबा काठीवर रेलले.

"एक न्हाय."

साहेबांचे तेवीस भरले होते. "पण तुम्ही तर मोजत नाही म्हणता."

"मोजायचं काय त्यात? नकोशी न्हाय. काल पुढचा दात पडलाय, ती."

नकोशी जीपच्या मागच्या सीटवर ओच्यात बोरं घेऊन गाढ झोपली होती. सीटभर बिया. साहेबांनी घाईघाईनं पटावरची नावं मोजली आणि आनंदाच्या भरात ओरडलेच, "चोवीस!"

आबा मटकन खाली बसले. रतनबाई काजळाची डबी घेऊन धावत आल्या.

"गाल करा हिकडं, सायेब."

"मला कशाला?"

"मोजलं कुणी?"

मानसिंगराव गालावर तीट घेऊन पुण्याला गेले. पंधरा दिवसांत मान्यता आली. आबांनी 'मंजूर संख्या' पुढचा आकडा काजळानं झाकला आणि कागद फ्रेम करून भिंतीवर टांगला. वर्षभरानं नवे तपासनीस आले, फ्रेमपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "मंजुरी किती मुलींची?"

आबांनी चहा मागवला.

लांडगा मंगळवारी आला होता. गणतीचा कारकून दुसऱ्या दिवशी, बुधवारी.