मेश्राम सरांचा फिरता फळा

मेश्राम सरांच्या सायकलला घंटी नव्हती, पण मागे काळा फळा बांधलेला असायचा. सकाळी सहाच्या शिकवणीला जो दांडी मारेल, त्याच्या दारात सात वाजता सर फळ्यासकट हजर.

सर वडसा स्टेशनवर तिकिटं द्यायचे. बीएस्सी झालेले. बारावी सायन्सला तेव्हा आमच्यात मोजकीच पोरं, त्यात मी एकटी मुलगी. सहामाहीला फिजिक्समध्ये मला शंभरात अकरा पडले. बाबा म्हणाले, "आणखी नापास झाली तं शिक्षण बंद. लग्न करून टाकू."

आईने त्याच संध्याकाळी मला सरांकडे नेलं.

"रोज येशीन?" सरांनी विचारलं.

"परीक्षेआधी महिनाभर आली तं चालन काय?"

"महिन्याभराचं जेवण एकाच दिवशी जेवतेस काय?"

मग रोज गेले. रोज एकच गणित, पण ते आपल्या तोंडानं सरांना समजावून सांगेपर्यंत सुटका नाही. चुकले की सर रागवायच्या ऐवजी टाळी वाजवायचे. "सापडलं! इथीच अडून राह्यली होती तू!" जशी काही हरवलेली शेळीच सापडली.

एकदा मला हिवताप भरला. बरोब्बर सातला फळा अंगणात. आई धावली, "सर, पोरगी तापानं फणफणून राह्यली!"

"ताप तिले आला बाई, फिजिक्सले नाई," म्हणत सरांनी फळा बैलगाडीला टेकवला आणि मुसळ मागितलं. त्याच्या टोकाला भरलेली घागर अडकवून ते मला टॉर्क, म्हणजे वस्तू फिरवणारा जोर, शिकवायला लागले. घागर आईच्या वाळवणावर पालथी झाली. आईनं सरांना हाकललं, पण गोधडीतल्या गोधडीत मला टॉर्क कळला होता.

बोर्डाच्या परीक्षेत फिजिक्समध्ये मी चौसष्ट मार्क घेऊन पास झाले. लग्नाचा विषय निघालाच नाही. आज मी स्वतः विज्ञान शिकवते.

पण मला आठवते ती शेवटच्या पेपरनंतरची सकाळ. सरांचं पुस्तक परत द्यायला गेले, तर शिकवणीची चटई अंथरलेली आणि सर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले.

"सर, पेपर संपले."

"हो. मालूम हाये मले." ते चटई गुंडाळायला उठले, आणि तशीच राहू दिली. "चहा घेशीन?"

घरात कप एकच होता. तो मला देऊन सरांनी स्वतःचा चहा वाटीत ओतला. इतक्या महिन्यांत फिजिक्सखेरीज त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "तुह्या घरी कोण कोण असते?"

मी एकेक नाव सांगत गेले. सर हळूच ते पुन्हा म्हणत होते.